‘उष्णता’ नव्हे, बॅलेनायटिस: त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात मावसभाऊ घरी आला तो पाय फाकवून चालत. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, “दादा, नुसती आग होतेय रे.” शिश्नाचं टोक लालबुंद, पुढच्या कातडीला चिरा, आणि त्यावर याने लिंबू चोळलेलं! सल्ला व्हॉट्सॲपवरचा. टोकाला लाली-खाज आली की ती अंगातली उष्णता, नाहीतर बाईकडून लागलेला गुप्तरोग. दिवसातून तीनदा साबणाने आणि जंतुनाशकाने धुवा, लिंबू चोळा, गजकर्णाची क्रीम लावा. डॉक्टरकडे गेलात तर कातडीच कापतील. आमच्या नात्यातल्या दोन ग्रुपवर हे फिरतंय.

धुण्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त वाट तिथे लागते. १९९३ साली लंडनच्या डॉक्टरांनी बॅलेनायटिसचा, म्हणजे शिश्नाच्या टोकाला सूज-लाली येण्याचा, त्रास पुन्हापुन्हा होणारे किंवा बराच न होणारे ४३ पुरुष तपासले. त्यातल्या ३१ जणांचं निदान निघालं त्वचा चिडल्याचं, आणि ही माणसं साबण लावून जास्त वेळा धुणारी होती. साबण सोडला, त्वचा मऊ ठेवणारं साधं मलम लावलं, एवढ्यावर बहुतेकांचा त्रास आटोक्यात आला. म्हणजे ज्याने दुखणं वाढतं तेच हा फॉरवर्ड दिवसातून तीनदा करायला सांगतो. स्वच्छता हवीच, कातडीखाली मळ साचूनही हे होतं. पण कोमट पाण्याने, कातडी हलकेच मागे घेऊन, आणि नंतर नीट कोरडं करून. लिंबू भाजीत पिळायचं असतं.

उष्णता? उन्हाळ्यात घामाने आणि ओलाव्याने त्रास वाढतो, एवढं मान्य. सब्जा खुशाल प्या, पण हा त्रास बरेचदा देणारी कॅन्डिडा नावाची बुरशी त्याने मरत नाही. तिच्यावर क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम दिवसातून दोनदा, साधारण एक ते दोन आठवडे, हा नेहमीचा उपचार. गजकर्णाच्या क्रीममध्ये बरेचदा क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नाजूक कातडी पातळ होते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

आता बायकोचा मुद्दा. संबंधातून संसर्ग येऊ शकतो, नाही असं नाही. पण लाली दिसली की बाई दोषी, हे कुठलं निदान? भावाने चार दिवस वहिनीशी अबोला धरला होता. मी त्याला आधी लॅबमध्ये नेलं. उपाशीपोटी साखर २१८. त्याला मधुमेह आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. लघवीतून साखर जायला लागली की बुरशीचं फावतं, आणि कित्येक पुरुषांना मधुमेहाचा पहिला सुगावा असाच लागतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या तर साखर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात. त्या चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगा, स्वतःहून बंद करू नका.

कातडी कापण्याची भीतीही उगाच. सुंता लागते ती पुन्हापुन्हा त्रास होणाऱ्या किंवा कातडी आवळत चाललेल्या थोड्या लोकांना. मात्र मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि काही आठवडे न भरणारी जखम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.

भावाने घरी गेल्यावर रिपोर्ट आधी वहिनीच्या हातात दिला.