चित्रकलेच्या काकू

एखाद्याने शाळकरी वयात चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, ही गोष्ट गृहनिर्माण संस्थेतील शेजाऱ्यांना कधीही कळू देऊ नये. एलिमेंटरीपर्यंत ठीक आहे. ती ज्याच्या त्याच्या घरात कोणीतरी दिलेली असते. इंटरमिजिएटचे नाव निघाले, की मात्र गणपतीच्या मखरापासून 'लिफ्ट बंद आहे' या पाटीपर्यंतची सर्व कामे त्या माणसाच्या नावावर चढतात. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संस्थेत माझ्या बाबतीत हेच घडले. मे महिन्याच्या सुट्टीत सचिवांनी क्लबहाउसची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि 'मुलांना चित्रकलेची जरा तोंडओळख करून द्या, काकू, तेवढीच मोबाइलपासून लांब राहतील', असे सांगून ते निश्चिंत मनाने वामकुक्षीला गेले.

संस्थेने कागद दिला, तो गेल्या वार्षिक सभेच्या उरलेल्या अहवालांचा, पाठकोरा. छायाप्रतीचा हा कागद साधारण ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) असतो आणि जलरंगासाठी जाणकार लोक ३०० जीएसएमचा घेतात, हे मी सचिवांना सांगून पाहिले. त्यावर 'मुलेच तर आहेत' असे उत्तर मिळाले. ओला ब्रश टेकताच कागद पापडासारखा फुगला आणि पहिलीतल्या मुलीने मन लावून रंगवलेल्या आकाशातून पलीकडच्या बाजूची थकबाकीदारांची यादी स्पष्ट दिसू लागली. यादीत तिच्या वडिलांचे नाव होते. पुढच्या वेळेपासून जाड कागद आला, आणि तो कोणी आणून दिला हे निराळे सांगायला नको.

पेन्सिलीपासून सुरुवात करणे मला सुरक्षित वाटले होते. पेन्सिलीत शिसे नसून ग्राफाइट आणि माती यांचे मिश्रण असते, माती जास्त असली की ती कडक होते आणि ग्राफाइट जास्त असले की मऊ व काळी, म्हणून एचबीपेक्षा २बी काळी आणि २बीपेक्षा ६बी काळी, असे मी शक्य तेवढ्या सोप्या शब्दांत समजावले. मुलांनी ते आपल्या परीने लावून घेतले. 'मी चौथी ब मध्ये आहे, म्हणून ४बी माझी', असे म्हणत एकाने ती पेन्सिल ताब्यात घेतली, तेव्हा 'अ' तुकडीच्या मुलांनी आपल्या वर्गाच्या पेन्सिली कुठे आहेत, असा रास्त प्रश्न विचारला. ६बी पेन्सिल शेवटी एकाही सहावीच्या मुलाला मिळाली नाही. ती बालवाडीतल्या एका चिरंजीवांच्या हाती लागली आणि क्लबहाउसच्या पांढऱ्या भिंतीवर हनुवटीएवढ्या उंचीचा एक करडा पट्टा उमटला, तो अजून आहे.

याच चिरंजीवांनी काढलेल्या माणसाला एक मोठे डोके होते आणि डोक्यालाच खालून दोन पाय फुटले होते. तीन-चार वर्षांची मुले जगात सगळीकडे माणूस असाच काढतात आणि त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. पण त्यांच्या मातोश्री मागेच खुर्ची टाकून बसल्या होत्या. 'अरे, पोट कुठे आहे त्याचे?' त्यांनी विचारले. 'तो अजून जेवला नाहीये', असे उत्तर आले. माझ्या मते चर्चा तिथेच संपायला हवी होती, पण त्यांनी मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन पोट काढून दिले, पोटाला शर्ट चढवला आणि शर्टाला बटणे लावली. चिरंजीव त्या वेळी टेबलाखाली जाऊन चपलांची रांग लावत होते.

रंगांच्या बाबतीत लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग, त्यांच्यातले दोन-दोन मिसळले की नारिंगी, हिरवा आणि जांभळा हे दुय्यम रंग, एवढे सांगून थांबायचा माझा बेत होता. हिरवा करायचा तर पिवळ्यात निळा कणाकणाने घालावा, निळ्यात पिवळा ओतत बसू नये, कारण निळा रंग जबर असतो आणि त्याचे मन वळवण्यात पिवळ्याची अख्खी वडी खर्ची पडते, हेही मी बजावले. सूचना सर्वांनी ऐकली. त्यानंतर थोड्याच वेळात रंगपेटीत एकही पिवळी वडी पिवळी राहिली नव्हती, कारण निळ्यातून काढलेला ब्रश पाण्यात बुडवून मग पिवळ्याकडे न्यायचा, हा मधला थांबा बालमनाला पटत नाही. 'तिन्ही रंग एकत्र केले तर?' हा प्रश्न येणारच होता. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातला आपापला वाटा शोषून घेते, त्यामुळे तिन्ही एकत्र आल्यावर डोळ्यांपर्यंत फारसे काही उरत नाही आणि हाती येतो तो करडा-तपकिरी चिखल. हे मी सांगेपर्यंत प्रत्येकाने स्वतःचा चिखल तयार केला होता आणि कोणाचा अधिक घाणेरडा यावर चढाओढ सुरू झाली होती.

मला मात्र तो चिखल ओळखीचा वाटला. ओहोटीला कळव्याच्या पुलावरून जाताना ठाण्याची खाडी दिसते, तिचा हा रंग हुबेहूब होता, आणि बाजारात तो कोणत्याही नळीत मिळत नाही. मी तसे म्हणताच सातवीतल्या एका अबोल मुलीने पांढऱ्या पोस्टर रंगात लाल रंगाचा एक कण कालवला आणि त्या चिखलावर ब्रशचे टोक टेकवत गुलाबी ठिपके दिले. प्रत्येक ठिपक्याखाली दोन बारीक काड्या ओढल्यावर खाडीतले रोहित पक्षी उभे राहिले. सगळी मुले वाकून बघत असताना एका वडिलांनी मागून विचारले, 'हे एलिमेंटरीला येते का?'

या प्रश्नाने माझे डोके उठवले आहे. एलिमेंटरीला स्मरणचित्र असते, वस्तुचित्र असते, संकल्पचित्र असते, भूमिती आणि अक्षरलेखन असते. पुढे इंटरमिजिएट केली की दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि गुण मिळतात हे कळल्यापासून ठाण्यातल्या पालकांचे चित्रकलेवरील प्रेम उतू जाऊ लागले आहे. चार वर्षांच्या मुलाने फुगा काढला, तरी तो कोणत्या पेपरात मोडतो, याची चौकशी होते.

निसर्गचित्राचा दिवस सर्वांत कठीण गेला. मराठी मूल जन्मतःच एक देखावा सोबत घेऊन येते, असे माझे निरीक्षण आहे: दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध किरणांसह सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठी एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि वर मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. मी सर्वांना गच्चीवर नेले. समोर येऊरचे डोंगर होते. त्यांची कडा लांबच लांब, सपाट आणि मधूनच खचलेली, त्रिकोणाचा कुठे मागमूस नाही. शिवाय ते आमच्या पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य फक्त मावळू शकतो, उगवायचे काम तो खाडीपलीकडे पारसिकच्या बाजूला उरकतो. हे सर्व मी हात लांब करून दाखवले. चौथी ब ने डोंगरांकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहिले आणि सांगितले, 'काकू, पण हे डोंगरासारखे दिसत नाहीत.' मग सर्वांनी दोन त्रिकोण काढले. आकाशाचा निळा पट्टा कागदाच्या वरच्या कडेला, जमीन खालच्या कडेला, आणि मधे मोकळा कागद. मधे काय आहे, असे विचारल्यावर पहिलीतल्या मुलीने माझ्या अज्ञानाची कीव करत उत्तर दिले, 'हवा.'

त्रिकोण सुटतच नाहीत म्हटल्यावर मी त्यांनाच कामाला लावायचे ठरवले. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-जव्हारचा वारली मुलूख आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात, आणि ती कला जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणसाचे धड तयार होते, वर गोल ठेवला की डोके. मुलांना हे इतके पटले, की तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांच्या फेरात त्यांनी आमचा सुरक्षारक्षक, पाण्याचा टँकर आणि लिफ्टमध्ये अडकलेले जोशीबुवांचे कुत्रे यांनाही सामील करून घेतले. 'यात फक्त पांढराच रंग? फी तीच?' असे एका आजोबांनी विचारले. फी मुळात नव्हतीच.

शेवटी मी एक हुकमी प्रकार काढला. वस्तूवरून नजर हलवायची नाही, कागदाकडे बघायचे नाही आणि डोळा कडेवरून जितका हळू सरकेल तितकीच हळू पेन्सिल सरकवायची. या पद्धतीत खाडाखोड करताच येत नाही आणि पालकांना 'फिनिशिंग' देता येत नाही, म्हणून ती मला विशेष प्रिय आहे. समोर बसायला सचिव तयार झाले. थकबाकीची फाइल मांडीवर घेऊन, एक बोट वर करून ते बसले आणि मुलांनी प्रथमच, कोणीही न सांगता, गप्प राहून काम केले. चित्रांत नाक कपाळावर गेले, चष्मा कॉलरवर उतरला, एक कान फाइलमध्ये सापडला. पण वर केलेले ते बोट एकाही चित्रात चुकले नव्हते.

सुट्टीच्या अखेरीस सर्व चित्रे लॉबीत लावली. सचिव आपल्या चित्रांसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले आणि काहीशा दुखावलेल्या स्वरात म्हणाले, 'मी काय असा दिसतो?' शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने 'अगदी हुबेहूब!' असा निर्वाळा दिला आणि त्यांतले सर्वांत मोठे बोट असलेले चित्र घरी लावण्यासाठी मागून घेतले.