हलवून वापरा

केस कापून झाले की न्हावी मागे छोटा आरसा धरतो. पूर्वी त्यात मानेवरची रेघ सरळ आलीय का, एवढंच बघायचं असायचं. त्या दिवशी त्याचा हात जरा वर गेला आणि आरशात कुणाची तरी चकाकती टाळू दिसली. बिचारा, असं मनात आलं. मग लक्षात आलं, खुर्चीत मी एकटाच आहे.

"साहेब, टॉनिक लावत जा," न्हावी हळूच म्हणाला. एवढ्या हळू आवाजात तो कधीच बोलत नाही.

टॉनिक निवडायला गेलो तर बाटल्यांवरची भाषा एखाद्या मुरलेल्या वकिलाची. 'केस दाट दिसण्यास मदत.' येतील असं कोणी म्हणत नव्हतं. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहितात, हे मला माहीत होतं. पहिलं पाणी, दुसरं अल्कोहोल. ज्या वनस्पतीच्या चित्रानं अर्धी बाटली अडवली होती, ती रांगेच्या पार शेपटाला, सुगंधाच्याही मागे उभी. पाणी आणि अल्कोहोल तर मीही एकत्र करू शकतो, असं मी बायकोला म्हणालो. "ते दिसतंच आहे," ती म्हणाली. तो विषय तिथंच सोडतो.

मग अभ्यासाला बसलो. टकलावरच्या औषधांचा इतिहास वाचला की आपल्या मूर्खपणाला फार मोठी परंपरा आहे, हे कळून धीर येतो. इसवी सनपूर्व १५५० च्या सुमाराच्या इजिप्तमधल्या एबर्स पपायरस या औषधांच्या पोथीत सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करून डोक्याला चोळायला सांगितलं आहे. टक्कल पडलेल्या माणसाला मगरीची चरबी आणायला पाठवायचं, म्हणजे केसांचा प्रश्न दोन्हीपैकी एका प्रकारे मिटतोच. मला तर नुसतं तेल आणि मेन्थॉल हवं होतं.

अल्कोहोलमध्ये खोबरेल ओतलं. दोघं भांडलेल्या जावांसारखे वेगळे बसले. पुन्हा वाचन. बहुतेक तेलं अल्कोहोलमध्ये सहज विरघळत नाहीत, एरंडेल मात्र विरघळतं. आणि खरंच, ते असं काही एकजीव झालं की मला शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं. पण निव्वळ अल्कोहोलनं टाळू कोरडी पडते, म्हणून थोडं पाणी घातलं. क्षणात सगळं दुधासारखं पांढरं! रात्रभर ठेवल्यावर परत तेल वेगळं, पाणी वेगळं. शेवटी मी चिठ्ठी चिकटवली : 'हलवून वापरा.' बाजारातल्या कित्येक बाटल्यांवर हे वाक्य का असतं, त्याचा उलगडा झाला.

राहिलं मेन्थॉल. दोन-चार खडे पुरतात म्हणे. पण केस गेलेत मूठभर, मग खडे चिमूटभर का? चमचाभर टाकले.

मेन्थॉलनं कातडी खरी गार होत नाही, थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते नुसतं फसवतं. माझे मज्जातंतू साफ फसले. पहिलं मिनिट छान. दुसऱ्या मिनिटाला डोक्यावर कुणीतरी बर्फाची लादी ठेवून वर पंखा लावल्यासारखं झालं. धुवायला गेलो, तर पाणी लागल्यावर गारठा दुप्पट. डोळ्यांतून धारा. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, रडू नका, केसच आहेत." मी टॉवेल गुंडाळून पांघरुणात शिरलो. एवढं झोंबतंय म्हणजे आत काहीतरी काम चालू असणार, ही आशा मात्र सुटत नव्हती. टॉनिकचा सगळा धंदा याच आशेवर उभा असावा.

चार दिवसांनी हिशेब मांडायला घेतला. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक असतं, म्हणून उशीवरचे मोजले. आकडा भयानक निघाला. बायकोनं दाखवून दिलं की त्यातले निम्मे हातभर लांब आहेत. शिवाय केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस उगवण्याआधी मूळ काही महिने विश्रांती घेतं. म्हणजे चार दिवसांत डोक्यावर काही उगवलं असतं, तर ती काळजीचीच गोष्ट होती. पण टकलावर लावतात ते मिनॉक्सिडिलही मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथं केस यायला लागले, म्हणून १९८८ साली अमेरिकेत ते टकलासाठी मंजूर झालं. अपघातानं एवढं होतं, तर माझ्या बाटलीनं निदान धडपडायला काय हरकत होती?

पाचव्या दिवशी बाटली जागेवर नव्हती. शोधत गेलो तर बाबा पाय पसरून बसलेले, गुडघ्याला काहीतरी चोळत.

"बाबा, ते डोक्याचं आहे!"

"असू दे. ठणका एकदम थांबला बघ. चांगलं केलंयस."

मेन्थॉल, अल्कोहोल, तेल. मी चार दिवस डोक्याला सांधेदुखीचं मलम लावत होतो.

"अक्कल गुडघ्यात असते म्हणतात," आतून बायकोचा आवाज आला, "औषध पोचलं बरोबर तिथंच."

आता बाबा संपत आलं की नवी बाटली बनवायला सांगतात. मी देतो करून. आणि ते झोपले की पांघरूण जरा वर करून गुडघा निरखून बघतो. काल उजव्यावर दोन केस जास्त वाटले.