मनातले मांडे आणि पडद्यावरची मांडणी

आईच्या पाककृतींचे सचित्र ई-पुस्तक पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत काढीन, असा संकल्प मी धुळ्याच्या घरी मांडे आणि आमरस पोटात असताना केला होता. मजकूर छायाचित्रांवरच बसवलेला असल्यामुळे मी ‘फिक्स्ड लेआउट’ निवडला. त्यात प्रत्येक पानाची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये नेमून द्यावी लागते आणि मजकूर जागचा हलत नाही. एकदा बांधलेले पान जळगावात काय नि जपानात काय, सारखेच दिसणार, अशी माझी समजूत होती.

खापरावरचा मांडा समोरासमोरच्या दोन पानांवर ऐसपैस पसरला होता. पहिल्या ई-दुकानाने मुखपृष्ठालाही जोडीत धरले आणि पुढच्या सगळ्या जोड्या विस्कटल्या. डावा अर्धा मांडा भरिताशेजारी गेला, उजवा शेवभाजीशेजारी. “मन्हा मांडा कोनी फाडा?” आईने विचारले. तिच्या हातून चाळीस वर्षांत एकही फाटलेला नाही. मग मी ‘तू डावे, तू उजवे’ असे प्रत्येक पानाला फाईलमध्ये बजावले.

दुसऱ्या दुकानात मिरचीची पहिली वेलांटी ‘म’च्या आधी न येता मागे जाऊन बसली. देवनागरीत वेलांट्या आणि जोडाक्षरे फॉन्टच्या नियमांनी ऐन वेळी जुळवली जातात. पण मांडणी हलू नये म्हणून माझ्या सॉफ्टवेअरने एकेक अक्षर सुटे करून खिळ्याने ठोकले होते. शिवाय ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाईल, हे झिप केलेले गाठोडेच असले, तरी त्यात ‘माइमटाइप’ नावाची चिमुकली फाईल सर्वांत आधी आणि न दाबता ठेवावी लागते. वरमाईचा मान परवडला! हे सगळे निस्तरल्यावर तपासणीच्या ‘ईपबचेक’ने एकही चूक नसल्याचा निर्वाळा दिला, तरी मोबाईलवर अख्खे पान आक्रसून अक्षरांची खसखस झालीच. कृष्णधवल वाचनयंत्रावर तेवढी शेवभाजी शोभली, काळ्या मसाल्याची असल्यामुळे.

शेवटी मी शरणागती पत्करून मांड्याचे छायाचित्र लहान केले आणि एकाच पानात बसवले. सगळ्या दुकानांनी ते निमूट स्वीकारले. आईने मात्र चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि एका पानात मावते ती पोळी, मांडा नव्हे, असे सांगून तिने फोन परत दिला. मांडा आता पुन्हा दोन पानांवर गेला आहे, आणि आखाजी परवा आहे.