‘एमसीबी आहे ना, मग भीती कसली?’ – वायरी लपवायच्या मेसेजला उत्तर

‘वायरींचा पसारा पाच मिनिटांत गायब’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे चार ग्रुपवरून आला आणि चारही वेळा मी न वाचता पुढे गेलो. पाचव्यांदा आला तो आत्याच्या फोटोसकट. “बघ रे, किती सुटसुटीत झालं!” फोटोत टीव्हीखालचा कोपरा एकदम चकाचक. वायरींच्या जागी बुटांचा एक खोका, त्याला फुलाफुलांचा कागद चिकटवलेला. खोक्यातून एक जाडसर वायर बाहेर आली होती, ती काकांच्या हीटरची. मी चपला घातल्या आणि निघालो.

मेसेज म्हणतो ते थोडक्यात असं: जास्तीची वायर गच्च गुंडाळून झिप टायने आवळा. ती एक्स्टेन्शन बोर्डासकट बंद खोक्यात ठेवा. खोका आतून ॲल्युमिनियम फॉइलने मढवा, म्हणजे उष्णता ‘परतवली’ जाते. बाहेरची वायर कार्पेटखालून न्या. नेटची केबल पॉवरच्या वायरीपासून लांब ठेवा, नाहीतर नेट मंदावतं. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: ‘घाबरू नका, वायर तापली की एमसीबी आपोआप पडतो.’ (एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की पडून वीज तोडणारा खटका.)

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचा वेडेपणा लोक त्याच्याच भरवशावर करतात.

वायर तापली हे एमसीबीला कळायला काही मार्गच नाही. तो बसलाय दाराजवळच्या डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, वायर तापतेय टीव्हीखाली. त्याच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. स्वतःमधून जास्त करंट गेला की ती तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्ट सर्किट झालं तर तो क्षणात पडतो, ते खरं. पण ओव्हरलोडच्या बाबतीत तो किती सोशिक असतो, हे आयईसी ६०८९८-१ या त्याच्याच आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेलं आहे: नेमलेल्या करंटच्या १.१३ पटीला त्याने तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडायला हवं. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरला तासभर ढिम्म राहील. २३ अँपिअरला पडेल, पण त्यालाही तासाभराची मुभा. हा त्याचा दोष नाही. त्याला भिंतीतलं वायरिंग सांभाळायला ठेवलंय. तुम्ही खोक्यात काय कोंबलंय याची जबाबदारी त्याने कधी घेतलीच नव्हती. (‘आमच्याकडे आरसीसीबी पण आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: तो खटका विजेची गळती पकडतो, उष्णता नाही.)

आता आत्याच्या खोक्याचा हिशेब. हीटर २,००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर. एक्स्टेन्शनच्या वायरीवर ०.७५ स्क्वेअर एमएम छापलेलं. असली वायर मोकळी पसरलेली असतानाच साधारण ६ अँपिअरची मानतात, तेव्हा गुंडाळायच्या आधीच चूक झालेली होती. लांबी ५ मीटर. जाणारी आणि येणारी तार मिळून १० मीटर तांबं, त्याचा रोध (रेझिस्टन्स) सुमारे ०.२६ ओहम. करंटचा वर्ग गुणिले रोध केलं की येतात जवळजवळ २० वॅट. पाच मीटरभर पसरलेले २० वॅट हवेत निघून जातात, वायर कोमट लागते इतकंच. तेच २० वॅट मुठीएवढ्या वेटोळ्यात, बंद पुठ्ठ्यात, तासन् तास? कथील वितळवणाऱ्या साध्या सोल्डरिंग आयर्नला २५ वॅट पुरतात. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, म्हणजे ते आणखी तापतं. साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. त्यापुढे ते मऊ पडायला लागतं, आणि नेमकं तिथेच तुम्ही झिप टाय दात-ओठ खाऊन आवळलेला असतो.

मी खोका उघडला तेव्हा आधी वास आला, गरम प्लॅस्टिकचा, थोडा गोडसर. वेटोळं हातात धरवेना. हीटर बंद केला, पिन काढली, दहा मिनिटं थांबलो, मग टाय कापला. टाय होता तिथे वायरीवर खोल वळ. एमसीबी अर्थातच पडला नव्हता. ८.७ अँपिअरला तो कशाला पडेल?

माझ्या हिशेबावर विश्वास नसेल तर वायरीचं मोठं रीळ कुठे मिळालं तर त्यावरचं लेबल वाचा. अशा रिळांवर बहुधा दोन आकडे असतात, गुंडाळलेलं असताना किती वॅट आणि पूर्ण उलगडल्यावर किती. गुंडाळलेल्याचा आकडा बराच कमी असतो.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. टीव्ही, राउटर, सेट टॉप बॉक्स यांच्या वायरी गुंडाळल्या तर काही होत नाही. १०० वॅटचा टीव्ही हीटरच्या विसावा हिस्सा करंट घेतो, म्हणून वायरीतली उष्णता चारशेवा हिस्सा. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या टीव्हीमागे हे केलं असेल, काही झालं नसेल, आणि गडी जगाला शिकवायला निघाला. पण हीटर, इस्त्री, गीझर, किटली यांचं नाव त्याने एकदाही काढलेलं नाही. टीव्हीच्या वायरीसुद्धा सैल गुंडाळा, वेल्क्रोची पट्टी लावा, आणि खोका हवाच असेल तर भोकं असलेला, अडॅप्टरना श्वास घेता येईल असा घ्या.

फॉइलबद्दल काय बोलायचं! उष्णता आत तयार होतेय आणि फॉइलही आतून लावायची, म्हणजे ती परतवणार कुठे? पुन्हा वायरीवरच. शिवाय वीज वाहून नेणारा पत्रा सॉकेटच्या भोकांशेजारी चुरगाळून ठेवायचा. आत्याकडे फॉइल संपली होती म्हणून तेवढं टळलं.

कार्पेटखाली तर मुळीच नको. तिथे उष्णता कोंडते, आणि येता-जाता पाय नाही तर खुर्चीचा पाया त्याच जागी पडतो. आतले तंतू एकेक करून तुटतात, उरलेल्यांवर सगळा भार येतो, आणि वरून काहीच दिसत नाही. वायर लपवायचीच असेल तर भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी मारा. हीटर मात्र थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला.

नेटच्या केबलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घरातल्या दोन-चार मीटरमध्ये नेट मंदावल्याचं जाणवणार नाही, कारण त्या केबलीतल्या जोड्या पिळलेल्या असतात त्या याचसाठी. स्पीकरच्या साध्या वायरीत घूं असा आवाज येऊ शकतो. तरी वेगळ्या ठेवा, एक ओढताना दुसरी निघून येत नाही.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, पण तो मेसेज मी पुढे पाठवला की.” कोणाला? तीन ग्रुपना. हे त्या तिन्ही ग्रुपसाठी लिहिलंय. खोका आत्ता उघडा, आणि हात लावायच्या आधी पिन काढा.