फाटकाला कुलूप लावून साथ थांबत नाही

दिवाळी जवळ आली की आमच्या सांगलीकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो: आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं की नाही. संस्कार बुडाले, असं एक जण लिहितो. दोघंही नोकरीला, मग घरी बघणार कोण, असं दुसरा विचारतो. मी इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, नर्स आहे. मला वाटतं, वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसाला भेटायला कोण, कधी आणि कसं जातं, हे या वादात कुणी विचारतच नाही.

आपल्याकडे वाढदिवस किंवा वर्षश्राद्ध वृद्धाश्रमात करायची पद्धत रुळली आहे. माणसं मनापासून येतात. पण त्या घोळक्यात नाक गळणारी मुलं असतात, पेढा स्वतःच्या हाताने भरवला जातो, आणि ऐंशीच्या आजींचा साधा फ्लू न्यूमोनियावर जातो. साथ आली की मग दुसरं टोक: फाटक बंद, पोरांनासुद्धा.

इंग्लंडने 2020 मध्ये कोविडच्या साथीत याहून वाईट केलं. नातेवाइकांना दाराबाहेर ठेवलं आणि रुग्णालयातून वृद्धांना चाचणीशिवाय केअर होममध्ये पाठवलं. लक्षणं नसलेल्यांकडूनही लागण होते, हा धोका सरकारने विचारात घेतला नाही म्हणून हायकोर्टाने एप्रिल 2022 मध्ये ते धोरण बेकायदा ठरवलं. 6 एप्रिल 2024 पासून इथे नियमच आहे: अपवादात्मक कारण असल्याशिवाय केअर होमला भेट नाकारता येत नाही.

नोरोव्हायरसची साथ आली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तरी आम्ही प्रत्येकाच्या एका माणसाला आत घेतो. या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून येणाऱ्याला आधी बेसिनपाशी नेतो. साबण, वाहतं पाणी, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं नीट. स्वतःला त्रास झाला असेल तर तो थांबल्यावर 48 तास यायचं नाही. स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा आमच्या हातून चमचाभर सूप घेत नाहीत. बायको प्लास्टिकचा एप्रन घालून शेजारी बसली की वाटी रिकामी होते. तिला बाहेर ठेवून आम्ही त्यांना कशापासून वाचवणार होतो?

इथलं सगळं आलबेल नाही. माणसं कमी आणि फी अवाच्या सव्वा. पण हात धुवायला आणि आजारी असताना घरी थांबायला कितीसा पैसा लागतो?

यंदा फराळ घेऊन जाणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे, खोकला असेल तर डबा फाटकावर द्या आणि आजींशी फोनवर बोला. आणि ग्रुपमधले जे जण अशा संस्थांचे विश्वस्त आहेत त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. दारातच बेसिन आणि साबण ठेवावा. प्रत्येक आजी-आजोबांना विचारून, साथीतही आत येऊ शकेल अशा एका माणसाचं नाव आत्ताच रजिस्टरात लिहून ठेवावं.