डिंक्याचं पुस्तक

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी एक काका ग्रंथालयात आले. चपला धुळीनं भरलेल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला झाडाच्या सालीचा तुकडा. त्या तुकड्यावर डिंक सुकून काळा झाला होता. म्हणाले, "मॅडम, डिंक्यावरचं पुस्तक हाये का तुमच्यापाशी?"

डिंक्या म्हणजे संत्र्याच्या झाडातून डिंक गळायला लावणारा रोग. मी कॉम्प्युटरात 'डिंक्या' टाकलं. काही नाही. 'संत्रा' टाकलं. तीन नोंदी आल्या: एक बालकवितांचा संग्रह, एक पाककृतींचं पुस्तक आणि कुठल्याशा संमेलनाची स्मरणिका. मी म्हटलं, "नाही हो काका." त्यांनी साल पुन्हा नीट गुंडाळली. "कंप्युटर नाही म्हंते म्हंजे नसनच," असं म्हणून उलट मलाच धीर दिला आणि दुपारच्या एसटीनं परत गेले.

पुस्तक होतं. माझ्या खुर्चीपासून पंधरा पावलांवर, ६३४.३१ या वर्गांकाखाली उभं. पण त्याच्या नावात 'लिंबूवर्गीय फळपिके' असं होतं. कृषी खात्याच्या भाषेत लिहिणाऱ्या माणसानं मुखपृष्ठावर संत्र्याचं नावच घेतलं नव्हतं, आणि डिंक्या बिचारा आत, रोगांच्या प्रकरणात दडलेला.

हे मला कळलं चार महिन्यांनी. ते कसं, हे सांगण्याआधी मी काय काम करते ते सांगते, कारण वीस वर्षं झाली तरी माझ्या सासरच्यांनाही ते नीट कळलेलं नाही. "तुला बरं आहे, दिवसभर वाचत बसायचं," असं प्रत्येक लग्नात कोणीतरी म्हणतंच.

मी वऱ्हाडातल्या एका शासकीय ग्रंथालयात आहे. पुस्तकाच्या शास्त्रात माझ्या कामाला तालिकीकरण म्हणतात, आम्ही आपसात कॅटलॉगिंगच म्हणतो. नवीन पुस्तकं आली की आधी बिलाशी ताडून बघायची, मग दाखल नोंदवहीत चढवायची, शिक्के मारायचे. एक शिक्का गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक ग्रंथालयाचं ठरलेलं असतं. आमचं कोणतं ते सांगणार नाही, चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आमचं आहे हे त्या पानावरून कळतं. मग वर्गांक द्यायचा, म्हणजे पुस्तक कुठल्या कपाटात राहील ते ठरवायचं. शेवटी नोंद करायची, म्हणजे ते कुठल्या कुठल्या नावानं हाक मारली की 'ओ' देईल ते ठरवायचं. खरा जीव या शेवटच्या कामात आहे आणि सध्या त्याचीच माती झाली आहे.

वर्गांक आम्ही ड्यूईच्या दशांश पद्धतीनं देतो. मेल्विल ड्यूई अमेरिकेतला, त्याची पद्धत १८७६ साली छापली गेली. गंमत बघा, त्याच साली आमच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला गाडगेबाबा जन्मले. तिकडं एकानं पुस्तकांची झाडलोट काढली, इकडं दुसऱ्यानं गावांची. पण ड्यूईनं जग दहा खणांत बसवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं विदर्भ नव्हता. धर्माचा अख्खा २०० चा खण, त्यातला बराचसा ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या जगाला २९० ची पडवी. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध धर्म २९४.३. दशांश चिन्हाच्या पलीकडं आम्ही सगळे दाटीवाटीनं.

याचा त्रास १४ एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात दरवर्षी होतो. पोरं येतात, "मॅडम, बाबासाहेबांचं कपाट कोणतं?" नियमानं बाबासाहेबांचं कपाट नसतंच. रुपयावरचा त्यांचा १९२३ चा ग्रंथ अर्थशास्त्रात, जातींवरचं लेखन समाजशास्त्रात, संविधानावरचं कायद्यात, धम्मावरचं २९४.३ ला. ड्यूईच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, विषयावरून शोधणाऱ्याची त्यात सोय होते. पण ज्या जिल्ह्यात १९५६ साली घरंच्या घरं बैलगाड्या जुंपून दीक्षाभूमीकडं निघाली होती, तिथल्या नातवाला तुम्ही चार मजले फिरवणार का? (आमचे मजले दोनच आहेत, पण चढताना चार वाटतात.) मी एक कपाट वेगळं केलं. वर्गांक तेच ठेवले, नोंदीत जागा बदलली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कोणत्या नियमात? मी म्हटलं, रंगनाथनांच्या. रंगनाथन म्हणजे आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक. त्यांचे १९३१ चे पाच सिद्धांत आहेत, त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. साहेब काही बोलले नाहीत. दर १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या फोटोला हार त्यांच्याच हस्ते घालतो आम्ही.

तर कपाट बदलून भागतं. नोंदीचं तसं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडं संगणकीकरण झालं. त्याला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. काम एका एजन्सीला दिलं, नाव सांगत नाही. नगामागे पैसे. एक पोरगा यायचा, बारावी झालेला, हाताचा मोठा चलाख, डबा आमच्यासोबतच खायचा. दाखल नोंदवही समोर ठेवून तो टाइप करायचा: दाखल अंक, नाव, लेखक, किंमत, पुढचं. पुस्तक उघडायचं कामच नव्हतं. संध्याकाळी साहेबांचा फोन, "आज किती नोंदी झाल्या?" आकडा चांगला असला की साहेब खूश, पोरगा खूश. विषयाचा रकाना बहुतेक रिकामा. त्याला कोणी भर म्हणून सांगितलंच नव्हतं, आणि खरं बोलायचं तर मीही तेव्हा लेखापरीक्षणाच्या कागदांत बुडाले होते. माझीही चूक त्यात आहे.

त्या कामाची फळं आता बघा. सॉफ्टवेअर आडनाव आधी मागतं, म्हणून पोरानं शेवटचा शब्द आडनाव धरला. महाराज, तुकडोजी. महाराज, गजानन. महाराज, गाडगे. आमच्या कॉम्प्युटरात महाराज आडनावाचं एक मोठं एकत्र कुटुंब नांदतंय. स्वामी, चक्रधर हे त्यांचे शेजारी. एकट्या तुकडोजी महाराजांच्या मी सहा नोंदी मोजल्या: राष्ट्रसंत लावून, वंदनीय लावून, श्री लावून, ठाकूर आडनावानं, नुसतं तुकडोजी, आणि वरचं ते महाराज, तुकडोजी. मोझरीकडच्या माणसानं 'राष्ट्रसंत' असं शोधलं तर त्याला दोनच पुस्तकं दिसतात. बाकीची चाळीस शेजारच्या नावाखाली मुकाट.

कॉम्प्युटरच्या आधी प्रत्येक पुस्तकाची नोंद कार्डावर असायची. त्या जुन्या कार्डांत यावर साधा उपाय होता. 'पाहा' कार्ड. विभावरी शिरूरकर, पाहा: बेडेकर मालतीबाई. बाई बाळूताई खरे म्हणून जन्मल्या, बेडेकर झाल्या, लिहिताना शिरूरकर. कोणत्याही दारानं आलात तरी घर एकच. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकांच्या बाबतीत तर हे कार्ड नसलं की बाईचं अर्धं लिखाण माहेरी आणि अर्धं सासरी राहतं.

ग्रामगीता तर तीन जागी सापडली. एक प्रत कवितेत, कारण ओव्या आहेत. एक धर्मात, कारण महाराज आहेत आणि नावात गीता आहे. एक ३०७.७२ ला, ग्रामीण समाज. तुम्हीच सांगा, ४१ अध्यायांत गावाच्या आरोग्यापासून शिक्षणापर्यंत सगळं सांगणारं पुस्तक कुठं ठेवाल? मी ३०७.७२ ला ठेवलं. एका निवृत्त गुरुजींना ते अजून पटलेलं नाही, भेटले की वाद घालतात, आणि मला तो वाद आवडतो. पुस्तक एका जागी असलं तरी नोंदी तिन्ही जागच्या करता येतात, तेवढं केलं की वाद चहापुरता उरतो.

आणि शब्द! आमच्याच प्रदेशाचं नाव घ्या, वऱ्हाड. यातला तो अर्धा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एका कीबोर्डवर वेगळं अक्षर, दुसऱ्यावर र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तिसरा प्रकार म्हणजे सरळ रफार देऊन 'वर्हाड'. आता वऱ्हाडातल्या ग्रंथालयात वऱ्हाडावरचं पुस्तक शोधायला तीनदा टाइप करावं लागतं. त्याहून आधीच्या खेपेत जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी तर आता नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ होऊन बसल्यात. त्यात कोणती पुस्तकं आहेत ते दाखल अंकावरून वही काढून बघावं लागतं. म्हणजे कॉम्प्युटर वाचायला वही.

आता डिंक्या कसा सापडला ते.

आमच्या जुन्या कार्डांचं सागवानी कपाट आहे, तीस खणांचं. संगणकीकरण झालं म्हणून ते निर्लेखनात, म्हणजे नोंदीतून कमी करून मोडीत, निघालं. कागद तयार झाला. शिपाईदादा म्हणाले, "मॅडम, सागवान चांगलं हाये, कार्डं तेवढी रद्दीत देऊ का?" मी सहज एक खण ओढला. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची कार्डं, खालच्या भोकातून सळई गेलेली. 'लिं' चं कार्ड वर होतं. टाइप केलेलं सगळं नियमानुसार. खाली पेन्सिलीत, माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या तिरप्या अक्षरात: "संत्रा. डिंक्या पान ६२ पासून. कोळशी ७१. बोर्डो मलम घरी कसं करायचं ते आहे. मोर्शीकडचे लोक हेच विचारतात."

मी कपाटाजवळ स्टूल ओढून बसले. भाऊ म्हणायचो आम्ही त्यांना. पान लावून यायचे, कमी बोलायचे, आम्हा पोरींना वाटायचं की हे नुसती कार्डं उलटीपालटी करत दिवस काढतात. संध्याकाळपर्यंत मी दोन खण बघितले. कापसाच्या पुस्तकावर "पऱ्हाटी" लिहिलेलं. शब्दकोशाच्या कार्डावर "जमिनीच्या जुन्या कागदातले फारसी शब्द यात मिळतात". एका कादंबरीवर "दुसरी प्रत आणू नका, कोणी नेत नाही". माणसं काय शब्दांत विचारतात ते त्यांनी वर्षानुवर्षं पेन्सिलीनं टिपून ठेवलं होतं. आमची खरी तालिका ती होती. एजन्सीच्या पोरानं वही बघून टाइप केलं, कार्ड बघायला त्याला कोणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नोंदीला टायपिंग समजू नका. किती नोंदी झाल्या हे मोजता, तर किती माणसं 'नाही' ऐकून परत गेली तेही मोजा. खेड्यातल्या ड वर्गाच्या, म्हणजे अगदी लहान, ग्रंथालयात नोंदी नसल्या तरी चालून जातं, तिथल्या ग्रंथपालाला सगळी पुस्तकं आणि सगळे वाचक तोंडपाठ असतात. आमच्याकडं हजारोंनी पुस्तकं आहेत आणि माणसं बदलतात. माझी बदली झाली की मला जे तोंडपाठ आहे तेही जाणार.

कोणी म्हणेल, आता पुस्तकं मागतो कोण? अभ्यासिका भरलेली असते ती तलाठी भरती आणि पोलीस भरतीच्या पोरांनी, ती स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. खरं आहे. त्यांना चार्जिंगचा पॉइंट आणि पंखा हवा असतो, आणि तो मिळायलाच हवा. पण त्यातलाच एक पोरगा परवा उठून आला, "मॅडम, माया बाबाले कोंबड्यायच्या रोगाचं काही पाह्यजे." कॉम्प्युटर नाहीच म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि 'कु' चा खण ओढला. कुक्कुटपालन. पेन्सिलीत: "मानमोडी, पान ३८".

मी आता टेबलावर शंभर पानी वही ठेवली आहे. जे विचारलं आणि कॉम्प्युटरात मिळालं नाही, ते त्याच माणसाच्या शब्दांत लिहून ठेवते. दुपारी लोड शेडिंगमध्ये कार्डं वाचते, वीज आली की विषयाच्या रकान्यात भरते. संत्र्यावाले काका पुन्हा आले नाहीत. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं, सभासद ते नव्हते.

निर्लेखनाच्या कागदावर माझी सही बाकी आहे. साहेबांनी दोनदा विचारलं, मी यादी अपूर्ण आहे म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नाही. तीसपैकी अकरा खण झाले. उद्या 'च'.