फुफ्फुसं सगळ्यांची सारखीच? खंड मोजून तर बघा

सध्या फिरणारा दावा थोडक्यात असा: सगळ्या सस्तन प्राण्यांची फुफ्फुसं एकसारखीच, उजवीकडे तीन खंड (म्हणजे वेगवेगळे भाग), डावीकडे दोन, फरक फक्त आकाराचा. म्हणून उंदरात दिसलं ते माणसात दिसणारच, आणि डुकराचं फुफ्फुस माणसाला सहज बसेल.

तीन-दोनचा हिशेब माणसाचा. उंदराचं डावं फुफ्फुस अखंड असतं, उजव्याचे चार खंड. घोड्याला उजवीकडचा मधला खंडच नाही. डॉल्फिनच्या फुफ्फुसाला तर खंडच पडलेले नसतात.

पण खंडांवर भांडण्यात फारसा अर्थ नाही, खरा फरक नळ्यांमध्ये आहे. आपली श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन, असे सुमारे २३ टप्पे. उंदरात एक मुख्य नळी सरळ खाली जाते आणि तिला बाजूने बारीक फांद्या फुटतात. आपल्याकडे शेवटच्या काही टप्प्यांतल्या नळ्यांच्या भिंतींतच वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, असतात. धूम्रपानामुळे होणारा एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याचा आजार) बहुधा तिथूनच सुरू होतो, आणि उंदरात हा भाग जवळपास नसतोच!

‘उंदरात दिसलं ते माणसात दिसणारच’ याला सिस्टिक फायब्रोसिसचं उदाहरण पुरेसं आहे, म्हणजे फुफ्फुसात घट्ट चिकट श्लेष्मा साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं. या आजाराचं जनुक बिघडवलेले उंदीर १९९२ मध्ये तयार झाले, पण माणसासारखा फुफ्फुसाचा आजार त्यांना होईना. कारणं अनेक, उंदराच्या फुफ्फुसातल्या श्वसनींत (हवेच्या नळ्यांत) श्लेष्मा तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात, हे त्यातलं एक मानलं जातं. पुढे २००८ मध्ये तसंच जनुक बिघडवलेली डुकरं जन्माला घातली गेली, आणि त्यांना तो आजार झाला.

म्हणजे डुक्कर आपल्याला जवळचं, एवढं खरं. तरी त्याच्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडाची नळी मुख्य फाटा फुटण्याआधी थेट श्वासनलिकेतून निघते. गाय-मेंढीतही तसंच. भूल देताना श्वासासाठी घातलेली नळी जरा खोल सरकली की तो खंड बंद पडतो. माणसांत अशी रचना क्वचित आढळते, तिला डॉक्टर ‘पिग ब्रॉन्कस’ म्हणतात.

राहिला ‘सहज बसेल’चा मुद्दा. चीनमधल्या ग्वांगझूत जनुकं बदललेल्या डुकराचं डावं फुफ्फुस एका मेंदूमृत माणसात बसवलं गेलं. २०२५ मध्ये त्याचा अहवाल आला. ते नऊ दिवस चाललं. पण २४ तासांतच त्याला सूज आली आणि पुढे प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) हल्ला चढवला. नळ्या जुळवून शिवता आल्या, तरी शरीराने ते परकं म्हणून ओळखलंच.